जुन्या चित्रपटाची डिस्क येणार म्हणे! खरं किती, खोटं किती, कसं ताडायचं

विदर्भातल्या गावांत जुन्या सिनेमाचं वेड अजून जिवंत आहे. दारव्हा, मेहकर, मूर्तिजापूर, पवनी, कुठंही जा. तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन सिनेमे पाहणारी पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र जागून नाटक पाहणारी माणसंही तीच. या लोकांच्या मोबाइलवर दर काही महिन्यांनी एखादं चकचकीत कव्हर फिरतं: अमुक जुना चित्रपट, फोर-के, नवी प्रिंट, दोन डिस्कचा सेट, लवकरच! मग पानठेल्यावर विषय निघतो. “खरंच येऊन राहिली का बावा?” कोणी म्हणतं, नागपूरला सीताबर्डीत ऑर्डर घेऊन राहिले. कोणी म्हणतं, पुण्याच्या माणसानं सांगितलं. दोन आठवडे आशा टिकते, नंतर सगळं शांत.

असे अंदाज बांधण्यात वाईट काहीच नाही. आवडत्या चित्रपटाची चांगली प्रत घरात असावी ही इच्छा मनापासूनची आहे आणि तिच्यामुळेच जुने चित्रपट लोकांच्या बोलण्यात राहतात. पण अंदाज हवेवर बांधू नये. माझ्या मते कोणतीही अफवा तीन प्रश्नांवर तपासता येते. चित्रपटाची निगेटिव्ह, म्हणजे ज्यावरून प्रिंट काढतात ती मूळ फिल्म, कुठे आणि कशी आहे? हक्क कोणाकडे आहेत? आणि डिस्क निघणार असल्याचा लेखी पुरावा काय? तिन्हीची उत्तरं गावात बसून, मोबाइलवर आणि दोन-चार फोन करून बऱ्याच अंशी मिळतात. त्याचीच रीत पुढे देतो.

आधी अफवा नीट लिहून घ्या

हे काम अनेकांना फालतू वाटतं, पण निम्म्या अफवा इथेच गळतात. चित्रपटाचं नाव, साल आणि दिग्दर्शक लिहा. एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट असतात, मराठीतही आणि हिंदीतही, आणि नव्या चित्रपटाची बातमी जुन्याच्या नावावर खपते. मग कोण काढणार, कशावर काढणार (डीव्हीडी, तिच्याहून स्पष्ट चित्राची ब्लू-रे, की त्याहूनही स्पष्ट फोर-के डिस्क), कधी काढणार आणि हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते लिहा.

शेवटच्या प्रश्नावर नेट धरा. ज्यानं पाठवलं त्याला विचारा, त्याला कोणी पाठवलं. दोन-तीन माणसं मागे गेलात की बहुतेक वेळा एखाद्या चाहत्यानं हौसेनं बनवलेलं कव्हर सापडतं, किंवा महोत्सवात जुना चित्रपट दाखवल्याची खरी बातमी सापडते आणि तिला वाटेत “डिस्क येणार” हे शेपूट चिकटलेलं असतं. “चित्रपट दुरुस्त झाला”, “चित्रपट पुन्हा थिएटरात लागला” आणि “चित्रपटाची डिस्क निघाली” या तीन वेगळ्या घटना आहेत. पहिल्या दोन झाल्या म्हणून तिसरी होतेच असं नाही.

निगेटिव्हचा माग काढा

डिस्क कितीही नवी असली तरी तिच्यावरचं चित्र कुठल्या तरी फिल्मवरून येतं. मूळ कॅमेरा निगेटिव्ह असेल तर उत्तम. ती नसेल तर तिच्यावरून काढलेली दुसऱ्या पिढीची प्रत. तीही नसेल तर थिएटरांत फिरून ओरखडे पडलेली एखादी प्रिंट. यातलं काहीच नसेल, तर फोर-के डिस्क निघणार कशावरून? म्हणून अफवा ऐकली की मी सगळ्यात आधी हेच विचारतो: “फिल्म कुठं हाय?”

आपल्याकडे हा प्रश्न फार दुखरा आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ती पटकन पेटते आणि नीट न ठेवल्यास स्वतःच कुजते. नंतरची अॅसिटेट फिल्म तशी सहज पेटत नाही, पण उष्णता आणि दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आकसते आणि वाकते. त्यातच जुन्या प्रिंट चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि ६००हून अधिक चित्रपटांची रिळं जळाली. प्रभातच्या काळातलं किती तरी साहित्य त्यात गेलं. त्यामुळे १९३०-४०च्या दशकातल्या मराठी चित्रपटाची “मूळ निगेटिव्हवरून फोर-के” अशी बातमी आली, तर मी तरी पुरावा पाहिल्याशिवाय एक रुपया वर्गणी देणार नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती आशा देणारी आहे. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या एका लॅबच्या आगीत भाजल्या. सगळ्यांनी त्या गेल्या असंच धरलं होतं. पण ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीच्या संग्रहालयानं ते जळके तुकडे जपून ठेवले होते. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबमध्ये ते हातानं दुरुस्त झाले, जिथे निगेटिव्ह उरलीच नव्हती तिथे इतर प्रती वापरल्या, आणि २०१५ साली क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीनं तिन्ही चित्रपट ब्लू-रेवर आणले.

‘शोले’चंही असंच. मूळ निगेटिव्ह फार खराब झालेली होती आणि ७० मिलिमीटरची एकही प्रिंट उरली नव्हती. इंग्लंडमधल्या एका गोदामात जुनं रंगीत साहित्य सापडलं आणि त्याच्या आधारे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं चित्रपट पूर्ण लांबीत उभा केला. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला मूळ शेवटही त्यात परत आला. जून २०२५ मध्ये बोलोन्यात तो पहिल्यांदा दाखवला गेला. “ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट आहे बरं का” ही गोष्ट आपल्याकडे किती वर्षं फिरत होती! म्हणजे प्रत्येक अफवा खोटी नसते. तिच्यामागे फिल्मचा तुकडा कुठे तरी असावा लागतो, एवढंच.

माग काढायचा तो असा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना फेब्रुवारी १९६४ची. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे एनएफडीसीच्या, छत्राखाली आहे. मे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सुमारे २,२०० भारतीय चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. या दोन संस्थांची आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशनची (स्थापना २०१४) अधिकृत पानं पाहत राहा. चित्रपट दुरुस्त झाल्याची खरी बातमी असली की तिच्यात साहित्याचा उल्लेख हमखास असतो: कोणती निगेटिव्ह, कोणती प्रिंट, आवाज कशावरून घेतला, काम कोणत्या लॅबमध्ये झालं.

‘मंथन’चं उदाहरण पाहा. १९७६चा चित्रपट. गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन तो उभा केला होता. त्याची निगेटिव्ह पुण्यात होती, पण बुरशीनं खराब झालेली. ती दुरुस्त झाली, २०२४ साली कान महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये देशातल्या थिएटरांतही लागला. हे सगळं जाहीरपणे, नीट सांगितलं गेलं होतं. ज्या बातमीत “नवी प्रिंट, जबरदस्त क्वालिटी” याच्या पलीकडे काही नाही, ती बातमी अजून कच्ची समजा.

मग हक्क

निगेटिव्ह असली तरी डिस्क काढायचा अधिकार कोणाला, हा वेगळा गुंता आहे. धंद्यात “निगेटिव्ह राइट्स” ज्याच्याकडे तो मालक. पण निर्मात्यानं व्हिडिओचे हक्क एकाला, टीव्हीचे दुसऱ्याला आणि गाण्यांचे तिसऱ्याला विकलेले असतात. निर्माता वारला की हक्क मुलांमध्ये वाटले जातात आणि एका भावाची सही झाली नाही की सगळं अडतं. आपल्या सात-बाऱ्यावर सह्यांसाठी वर्षानुवर्षं अडलेली प्रकरणं ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गावात बसून काय करता येतं? चित्रपटाची जुनी व्हीसीडी, डीव्हीडी किंवा कॅसेट कोणाकडे असेल तर तिच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. व्हिडिओचे हक्क कोणाचे ते तिथे छापलेलं असतं. मग तोच चित्रपट आज यूट्यूबवर कोणाच्या अधिकृत चॅनलवर आहे ते पाहा. दोन्हीकडे एकच नाव असेल तर विचारायचं दार सापडलं. नावं वेगळी असतील तर मधल्या काळात हक्क विकले गेले असण्याची शक्यता आहे, आणि हक्क नुकतेच हलले असतील तर डिस्कच्या अफवेत थोडा जीव येतो. पैसे घालून चित्रपट घेणारा तो कुठे तरी वापरतोच, भले डिस्कवर नसेल.

फार थोड्यांच्या लक्षात येणारी एक जागा म्हणजे वर्तमानपत्रातली आणि मुंबईच्या चित्रपट व्यवसायाच्या साप्ताहिकांतली जाहीर सूचना. “आमचे अशील अमुक चित्रपटाचे निगेटिव्ह हक्क घेत आहेत, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावे,” अशी वकिलाची नोटीस छापून येते. जमीन खरेदीच्या नोटिशीसारखीच तिची भाषा असते. अशी सूचना हाती लागली तर ती कव्हरच्या शंभर फोटोंहून मोलाची. कापून ठेवा किंवा तारखेसकट फोटो काढा.

वयाचा मुद्दाही लक्षात घ्या. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ साली प्रदर्शित झालेला चित्रपट १ जानेवारी २०२५ पासून खुला झाला. १९३६चा ‘संत तुकाराम’ आणि १९५३चा ‘श्यामची आई’ कधीच खुले झालेत. असा चित्रपट कोणीही काढू शकतो, त्यामुळे “डिस्क येणार” ही बातमी खरी निघण्याची शक्यता वाढते. दुर्दैवानं ती डिस्क वाईट निघण्याची शक्यताही तितकीच वाढते, कारण ज्याला कोणाची परवानगी लागत नाही तो दुरुस्तीवर खर्च करेलच असं नाही. कुठल्या तरी जुन्या टेपवरून उतरवायची आणि कव्हरवर “डिजिटल” छापायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. कथा, पटकथा आणि गीतांचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात, तेही वेगळे मोजावे लागतात.

लेखी खुणा

आता पुरावा. डिस्क खरोखर निघणार असेल तर बाजारात यायच्या आधी तिच्या खुणा उमटतात.

परदेशी कंपनीची अफवा असेल तर तपास सोपा. क्रायटेरियन दर महिन्याच्या मध्याला साधारण तीन महिन्यांनंतरच्या डिस्क जाहीर करते. त्यामुळे “पुढच्या महिन्यात येतेय” असं कोणी सांगितलं आणि तिच्या यादीत नाव नसेल तर बातमी खोटी. हीच कंपनी दर नववर्षाला एक चित्र काढते. त्यात येत्या वर्षाच्या चित्रपटांची कोडी लपवलेली असतात आणि जगभरचे चाहते ती सोडवत बसतात. भारतातल्या चित्रपटांच्या काही अफवा तिथूनही निघतात. कोडं सोडवण्यात मजा आहे, जरूर सोडवा, पण त्यावरून आगाऊ पैसे गोळा करू नका. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यामुळे चित्रपटाची डिस्क विकण्याआधी तिथल्या प्रमाणपत्र मंडळाकडून (बीबीएफसी) वर्गीकरण घ्यावं लागतं. त्या मंडळाच्या संकेतस्थळावर चित्रपटाचं नाव टाकलं की व्हिडिओसाठी प्रमाणपत्र कधी आणि कोणत्या कंपनीला मिळालं ते दिसतं. नवी नोंद दिसली तर ती पक्की खूण समजा.

आपल्या देशात अशा खुणा कमी. कंपनीचं अधिकृत पान, हक्कदाराची लेखी घोषणा आणि खरेदीच्या संकेतस्थळावरचं पान एवढंच हाती असतं. त्यातलं शेवटचं जपून वाचा. तारीख ३१ डिसेंबर दिसली तर बहुतेक वेळा ती जागा भरण्यासाठी टाकलेली असते. विकणारा कोण ते पाहा. कंपनीचं नाव नसून एखाद्या अनोळखी दुकानाचं असेल, चित्रपटाची लांबी आणि भाषा दिलेली नसेल, मागच्या कव्हरचा फोटो नसेल, तर थांबा. भारतात नोंदवलेल्या मालाचा बारकोड साधारण ८९०नं सुरू होतो. भारतीय कंपनीचं नाव आहे, पण बारकोडच नाही, असं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे.

कव्हरचा फोटो मोठा करून बघा. खऱ्या कव्हरवर मागे बारीक अक्षरांत हक्क, प्रमाणपत्र, लांबी, आवाजाचा प्रकार आणि रिजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेयरवर चालते ते, छापलेलं असतं. चाहत्यांनी बनवलेल्या कव्हरवर पुढची बाजू सुंदर असते आणि मागचा मजकूर तुटपुंजा किंवा अर्थहीन. हल्ली संगणकानं बनवलेल्या चित्रांत देवनागरी अक्षरं तुटलेली दिसतात, तीही खूणच.

किती वाट पाहायची

चित्रपट दुरुस्त होतो, मग महोत्सवात लागतो, मग कधी थिएटरात, मग टीव्ही किंवा मोबाइलवर, आणि सगळ्यात शेवटी डिस्क, तीही निघाली तर. यात एक वर्षही जातं आणि अनेक वर्षंही जातात. भारतात डिस्कचा बाजार फार आटलाय. २००७ साली मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा आपल्याकडच्या आठवडी बाजारातही जुने चित्रपट मिळू लागले होते. ती कंपनीच पुढे दिवाळखोरीत गेली. मुंबईची नावाजलेली दुकानं बंद पडली. म्हणून माझा अंदाज असा असतो: महोत्सवाची बातमी म्हणजे “चांगली प्रत अस्तित्वात आहे”. परदेशी कंपनीच्या यादीत किंवा प्रमाणपत्राच्या नोंदीत नाव म्हणजे “येणार”. आणि भारतीय कंपनीची डिस्क हातात आली म्हणजे “आली”. मधल्या कुठल्याही पायरीवर “आली” म्हणू नये.

आली तर घेण्याआधी काय तपासायचं

कापसाचं बियाणं घेताना आपण पाकिटावरचा लॉट नंबर, कंपनीचं लेबल, मुदत आणि पक्कं बिल पाहतो. डिस्क घेतानाही तेच डोळे लागतात.

पहिली अडचण रिजनची. डीव्हीडीसाठी भारत रिजन ५मध्ये येतो आणि ब्लू-रेसाठी रिजन सीमध्ये. अमेरिकी ब्लू-रे बहुधा रिजन एची आणि इंग्लंडची बीची असते, त्यामुळे इथल्या साध्या प्लेयरवर ती चालणार नाही. फोर-के डिस्कला रिजनचं बंधन नसतं, पण तिच्यासाठी फोर-के प्लेयरच लागतो, आणि सोबत दिलेल्या साध्या ब्लू-रेला बंधन असू शकतं. साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर किंवा प्लेयरवर ब्लू-रे अजिबात वाचली जात नाही, त्यांची लेझरच वेगळी. परदेशातल्या भाच्याला डिस्क आणायला सांगण्याआधी घरचा प्लेयर काय वाचतो ते बघा.

मग लांबी. इथे चाहते सगळ्यात जास्त भांडतात. “सहा मिनिटं कापली!” असा आरडाओरडा होतो आणि प्रत्यक्षात काही कापलेलं नसतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या जुन्या ‘पाल’ पद्धतीच्या डीव्हीडीत तो २५नं चालवतात, म्हणून तो ४ टक्के लवकर संपतो. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांचा दिसतो. आवाजही किंचित चढा लागतो. ब्लू-रेवर साधारणपणे मूळ २४चा वेग ठेवता येतो.

खरी लांबी शोधायची तर चित्रपटाच्या सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर रिळं आणि लांबी दिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर चालते. प्रमाणपत्रावर ४,११० मीटर असेल तर भागाकार करा, १५० मिनिटं येतात. लांबी फुटांत असेल तर ९०नं भागा. डिस्कची लांबी यापेक्षा ४ टक्क्यांहून बरीच कमी असेल, तर खरोखर काही तरी कापलंय. बहुतेक वेळा एखादं गाणं, किंवा रिळांच्या टोकाशी झिजून गेलेले तुकडे.

चित्राचा आकार पाहा. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे होते. आजच्या रुंद टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहायला हवी. पट्टी नसेल आणि नटांची डोकी किंवा पाय कापलेले दिसत असतील, तर विकणाऱ्यानं चित्र वरून-खालून छाटलंय. पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट १९५९चा. त्याआधीचा भारतीय चित्रपट कोणी “ओरिजनल सिनेमास्कोप” म्हणून विकत असेल तर परत द्या. कृष्णधवल चित्रपट रंगवलेला आहे का हेही विचारा. रंगवलेला पाहायचा की मूळ, ही ज्याची त्याची आवड. पण पैसे देताना काय घेतोय ते कळलं पाहिजे. माझं मत विचाराल तर मूळच घ्या.

शेवटी डिस्क उलटी करा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चांदीसारखी किंवा किंचित सोनेरी असते. खालची बाजू जांभळट किंवा निळसर हिरवी दिसली तर ती बहुधा घरच्या संगणकावर कॉपी केलेली डीव्हीडी आहे. मधल्या गोल कडेला उजेडात धरून पाहा. छापलेल्या डिस्कवर बहुधा IFPI (आयएफपीआय) अशी बारीक इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक संकेत कोरलेला असतो.

गावात मागवणं आणि सांभाळणं

कुरियर बऱ्याच वेळा तालुक्यापर्यंतच येतं. पत्ता देताना टपाल कचेरीचा पिन कोड नीट द्या, शक्य असेल तर टपालानं पाठवणारा विक्रेता निवडा. परदेशातून आलेल्या पार्सलवर सीमाशुल्क आणि कर लागू शकतो, तो धरूनच हिशेब करा. चार-पाच घरांनी मिळून एक डिस्क घेणं शहाणपणाचं, पण वर्गणी एकाकडे ठेवा आणि अधिकृत पानावर खरेदी सुरू झाल्याशिवाय पैसे पुढे पाठवू नका. “आधी यूपीआय करा, डिस्क आली की देतो” म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर मुळीच नाही. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. डिस्क तडकलेली निघाली तर परत करायला तोच उपयोगी पडतो.

आपला उन्हाळा डिस्कचा वैरी आहे. मे महिन्यात ४५ अंशांवर तापलेल्या टिनाच्या खोलीत डिस्क ठेवली तर ती वाकू शकते आणि आतला थर सुटू शकतो. आतल्या खोलीत, भिंतीच्या कपाटात, उभ्या ठेवा; एकावर एक रचू नका. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुसायची तर मऊ सुती कापडानं, मधून कडेकडे सरळ. गोल-गोल घासू नका. बॉलपेननं डिस्कवर नाव लिहू नका. लाइन वारंवार जाते-येते तिथे प्लेयरला स्टॅबिलायझर लावाच. आता प्लेयर मिळणंच कठीण झालंय, जुना चालू असेल तर त्याला डिस्कइतकंच जपा.

गणपतीत किंवा शारदोत्सवात मंडपात चित्रपट दाखवायचा मोह होतो. घरगुती डिस्क घरी पाहण्यासाठी असते. गावासमोर दाखवायचं तर हक्कदाराची लेखी परवानगी मागा. विचारलं तर जुन्या चित्रपटांचे हक्कदार कधीकधी आनंदानं देतात.

अंदाजाचं मागणीत रूपांतर

या भागासाठीच मी हे सगळं लिहितोय. हक्कदार कंपन्यांना वाटतं, जुन्या चित्रपटाची डिस्क घेणारे मुंबई-पुण्यात थोडे आहेत आणि बाकी कुठे नाहीत. खेड्यातून कोणी लिहीतच नाही, मग त्यांना कळणार कसं? पानठेल्यावर जे बोलतो ते कागदावर उतरवा. पत्र छोटं असू द्या, मराठीत चालेल, हक्कदार परराज्यातला असेल तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा. मजकूर असा काही:

“महोदय, आपल्याकडे हक्क असलेल्या अमुक (साल, दिग्दर्शक) या चित्रपटाची डिस्क निघणार असल्याचं आम्ही ऐकतो. हे खरं आहे का, असल्यास कोणत्या स्वरूपात, ते कळवावं. आमच्या गावातले आणि शेजारच्या गावांतले खालील सह्या करणारे ही डिस्क विकत घेऊ इच्छितात. चित्रपट मूळ आकारात, पूर्ण लांबीत आणि मराठी उपशीर्षकांसह असावा अशी विनंती. ऐकू कमी येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी उपशीर्षकं फार गरजेची आहेत.”

खाली सह्या, पत्ते, पिन कोड आणि एक फोन नंबर. खरोखर घेणाऱ्यांच्याच सह्या घ्या. दहा खऱ्या सह्या पन्नास भरतीच्या सह्यांपेक्षा बऱ्या. एक प्रत हक्कदाराला, एक पुण्याच्या संग्रहालयाला, दोन्ही स्पीड पोस्टनं. गावात वाचनालय असेल तर त्याच्या लेटरहेडवर वेगळं पत्र द्यायला सांगा, संस्थेची मागणी लवकर वाचली जाते.

उत्तर नकाराचं आलं तरी ते नीट वाचा, कारण त्यात पुढचा पत्ता असतो. “हक्क आमच्याकडे नाहीत” असं लिहिलं असेल तर कोणाला विकले ते विचारणारं दुसरं पत्र टाका. “चांगलं साहित्य उपलब्ध नाही” असेल तर ते उत्तर जोडून संग्रहालयाला विचारा की त्यांच्याकडे निगेटिव्ह किंवा प्रिंट आहे का. आणि “मागणी नाही” असं उत्तर आलं, तर मेहकरच्या लोकांनी पुसदला, पुसदच्या लोकांनी वणीला फोन करावा आणि सह्यांचा कागद घेऊन पुढच्या एसटीनं निघावं.